वाट पाहून राहिल्या

आमच्या नांदेडच्या ऑफिसात दोन महिन्यांपूर्वी एक पेटी लागली. पत्र्याची, हिरव्या रंगाची, वर चीर आणि खाली कुलूप. कर्मचाऱ्यांनी ऑफिसातल्या गैरप्रकाराबद्दल काही सांगायचं असेल तर चिठ्ठी लिहून आत टाकायची. 'आपले नाव गुप्त ठेवले जाईल' असं तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलं आहे.

किल्ली कुणाकडं ठेवायची यावर आमच्या अधिकारी मॅडमच्या मिटिंगमध्ये बरीच चर्चा झाली. शेवटी एक क्लार्क माझ्याकडं बोट करून म्हणाला, "मॅडम, ह्यांच्याकडं द्या. ह्यांना बोलतं करायचं म्हणजे कोरड्या बोअरला पाणी लागायची वाट पाहण्यासारखंय."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी किल्ली घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही.

मी कमी बोलतो हे खरं आहे. पण मी असा जन्मलो नाही. तरुणपणी माझं बोलणं ऐकायला लोक टेबल सोडून यायचे. मी गप्प का झालो हे पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आता बावन्नावं चालू आहे. सांगून टाकतो.

तेव्हा मी लातूरला होतो. उस्मानाबादपासून लातूर वेगळं होऊन जिल्हा नवा झाला होता आणि सगळीकडं बांधकामं निघाली होती. कॉलन्या पडत होत्या, प्लॉटच्या खुणांचे दगड रोवले जात होते. ऑफिसं मात्र मिळेल त्या जागेत. आमचं ऑफिस एका लिंगायत व्यापाऱ्याच्या आडतीच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली तुरीची पोती, वर आम्ही. मालक जिन्यात भेटले की "शरणार्थ" म्हणायचे आणि लगेच विचारायचे, "साहेब, नळाला कधी येणार?" त्यांना वाटायचं, पाण्याचं ऑफिस वर आहे म्हणजे पाणीही वरच कुठंतरी ठेवलं असणार.

कारण त्या वर्षी दुष्काळ होता. सलग दुसरं वर्ष. आमच्या ऑफिसचं काम एकच, कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा जातात ते ठरवायचं आणि लिहायचं. मी आवक-जावक बघायचो. आलेलं टपाल फोडायचं, नोंदायचं, ज्याचं त्याला द्यायचं. खेपांचं रजिस्टर ज्यांच्याकडं होतं त्यांना मी मामा म्हणायचो.

त्याला कारण होतं. मी नायगावचा, ते हिमायतनगरचे. म्हणजे दोघंही नांदेड जिल्ह्यातले, पण एक खालच्या अंगाचा, एक वरच्या. माझ्या बायकोचं माहेर मात्र त्यांच्या गावापासून कोसभर. पहिल्याच दिवशी त्यांनी चौकशी करून ते काढलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमचे जावई झाले की. जावईबापू, काय करून राहिले इथं लातुरात?" तेव्हापासून मी जावईबापू आणि ते मामा. ते माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, दोन मुलींचे बाप, तिसऱ्या बोटात चांदीची अंगठी, आणि सही करण्याआधी पेन झटकायची सवय.

मला नकला करायचा नाद होता. नुसत्या माणसांच्या नाही, तालुक्यांच्या. उदगीरचा माणूस मध्येच कानडी कसं टाकतो, देगलूरचा तेलुगूच्या चालीत मराठी कसं ओढतो, निलंग्याची बाई भाजीवाल्याशी कशी भांडते. माणसानं दोन वाक्यं बोलली की मी त्याचा तालुका सांगायचो. पैजा लागायच्या, चहाच्या. मी कधी हरलो नाही. आमचे साहेब पुण्याकडचे. त्यांना ह्या सगळ्याची फार मौज वाटायची. पाहुणे आले की ते मला बोलावून घ्यायचे. "ऐका, हा आमचा कलाकार."

मला ते आवडायचं. लिहायलाच बसलोय तर हेही लिहितो.

त्या उन्हाळ्यात एक दिवस एक बाई जिना चढून वर आली. गावापासून लांबच्या एका वस्तीवरची. डोक्यावर रिकामी घागर. तिनं ती सरळ मामांच्या टेबलावर, रजिस्टरच्या उघड्या पानावर ठेवली.

"सायेब, आमच्या वस्तीवर रोज पानी येतंय म्हणं."

मामांनी नोंद बघितली. "हाव. रोज एक खेप लिहिली हाय."

"मंग त्यो कागद पिळून द्या ह्यात," ती म्हणाली. "आमी नुसतीच वाट बघूलालाव."

ऑफिसात कुणीतरी हसलं. मामा हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते एसटीनं त्या वस्तीवर जाऊन आले. तिथून ड्रायव्हरच्या मागावर. सोमवारी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि सांगितलं. वस्तीच्या नावानं निघालेला टँकर नव्या कॉलनीत साहेबांच्या प्लॉटवर रिकामा होत होता. साहेबांचं घर बांधायला निघालं होतं, विटांवर पाणी मारायला पाणी हवं होतं. पोच मिळाल्याच्या चिठ्ठ्या सही करून आधीच ड्रायव्हरकडं दिलेल्या. त्या चिठ्ठ्या बघून मामा रजिस्टरात खेप लिहायचे आणि खाली सही करायचे.

"म्हणजे खोटं मी लिहून राहिलो, जावईबापू," ते म्हणाले. "माझी सही हाय खाली."

त्यांनी ठरवलं, वर लिहायचं. औरंगाबादच्या मोठ्या ऑफिसला. पण नाव घालायचं नाही. थोरल्या मुलीची सोयरीक नुकतीच जमली होती, आणि साहेबांचा हात वरपर्यंत पोचत होता.

निनावी अर्ज लिहिणं आमच्याकडं सोपं नाही. अक्षर ओळखू येतं, ते एक. ते बदलता येतं. पण माणूस लिहायला बसला की त्याचं गाव त्याच्या लिहिण्यात येऊन बसतं. मामांना हे माझ्यामुळंच माहीत होतं. एका रविवारी दुपारी ते माझ्या खोलीवर कच्चा कागद घेऊन आले आणि म्हणाले, "तुम्ही तालुके ओळखता ना? मग ह्यातला माझा तालुका काढून टाका."

मी तांबड्या पेन्सिलीनं बसलो. 'लई' काढलं, 'फार' घातलं. 'कामून' काढलं, 'का' घातलं. 'जाऊन राहिला' चं 'जात आहे' केलं. मामा बाजूला बसून हातपंख्यानं वारा घेत होते आणि प्रत्येक शब्द गेला की म्हणत होते, "गेला बिचारा." आम्ही खूप हसलो. शेवटी मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पंखा खाली ठेवला. मग म्हणाले, "बेस झालं. पण हे मी बोललो असं मलाच वाटंना."

त्यांनी तो छापील वळणाच्या सुट्या अक्षरांत उतरवून काढला आणि लातूरचा शिक्का नको म्हणून उदगीरला जाऊन पोस्टात टाकला.

एक ओळ राहिली. ती अशी होती: 'वस्तीवरील स्त्रिया चार-चार दिवस रिकाम्या घागरी घेऊन वाट पाहून राहिल्या.'

ती मला दिसली नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो. माझी बायको तेव्हा नायगावला माझ्या आईजवळ होती. तिची तब्येत बरी नसायची, मूल पोटात गेलं होतं. दर आठवड्याला तिचं कार्ड यायचं आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच वाक्य असायचं, 'मी वाट पाहून राहिले.' 'जाऊन राहिला' मला खटकलं, पण हे वाक्य कानात इतकं घरचं झालं होतं की ते बाहेरचं आहे हे मला कळलंच नाही. मी मात्र जिंकलेल्या पैजा मोजत होतो.

तिच्यासाठीच मी नांदेडला बदली मागितली होती. अर्ज साहेबांच्या टेबलावर डाव्या हाताच्या ट्रेमध्ये होता. मीच नेऊन ठेवलेला.

दीड महिन्यानं औरंगाबादहून एक जाड पाकीट आलं. मी बाहेरचं फोडलं. आत दुसरं, लाखेची मोहोर लावलेलं, वर 'गोपनीय'. आतलं पाकीट फोडायचा मला अधिकार नव्हता. मी नोंदवहीत विषयाच्या रकान्यात 'गोपनीय' एवढंच लिहिलं आणि पाकीट साहेबांकडं दिलं. आत काय आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वरच्या लोकांनी मामांचा अर्ज वाचून, त्यावर 'अभिप्रायासाठी' असा शेरा मारून, ज्याच्याविरुद्ध तो होता त्याच्याचकडं पाठवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. बसायला सांगितलं. चहा मागवला. समोर एक कागद होता, पण त्याच्या वर आणि खाली दोन फायली अशा ठेवलेल्या की मधली एकच ओळ दिसावी.

"तुम्ही बोलीतले जाणकार," साहेब म्हणाले. "जरा सांगा. 'वाट पाहून राहिल्या.' म्हणजे काय? वाट पाहिली आणि तिथंच मुक्कामाला राहिल्या?"

ते हसत होते. मी सुटी छापील अक्षरं ओळखली. आणि त्या क्षणी ती ओळ मला पहिल्यांदा दिसली.

"म्हणजे वाट पाहत होत्या, साहेब."

"हो का? आमच्याकडं नाही असं म्हणत. तुमच्या नांदेडकडचं दिसतंय."

त्यांनी कप ओढून घेतला. चहात साखर ढवळत राहिले. ऑफिसात नांदेडचे दोघंच होते. एक मामा आणि एक मी.

एवढं घडलेलं मी आजवर स्वतःलाही सांगताना असं सांगत आलो की, ओळ राहिली ही माझी चूक, आणि पुढं जे झालं ते त्या चुकीमुळं. ते तसं नाही. चूक तिथं संपली होती. मला 'माहीत नाही साहेब' म्हणता आलं असतं. 'सगळीकडंच म्हणतात' म्हणता आलं असतं. पुण्याच्या माणसाला काय कळणार होतं? माझ्याकडं भरपूर वेळ होता. चहावर साय धरण्याइतका. मी डाव्या हाताचा ट्रे बघितला, आणि मग बोललो.

"नांदेडचंच, साहेब. पण आमच्याकडचं नाही. आम्ही नायगावचे लोक 'वाट पाहूलालाव' म्हणतो. लातूरचेही तसंच म्हणतात. हे वरच्या अंगाचं. हिमायतनगरकडलं."

"अस्सं," साहेब म्हणाले. त्यांनी दोन्ही फायली सरकवून कागद झाकला. "मी तुम्हाला काही विचारलेलं नाही आणि तुम्ही काही सांगितलेलं नाही. गोपनीय आहे हे. चहा घ्या."

मी चहा घेतला. सगळा.

आरडाओरड काही झाली नाही. साहेबांनी खेपांचं रजिस्टर मागवून घेतलं. चिठ्ठ्या मागवल्या. मग वर अभिप्राय गेला की चौकशीत तथ्य आढळलं आहे, वस्तीवर न गेलेल्या खेपांच्या खोट्या नोंदी झाल्या आहेत, आणि त्या सर्व नोंदींखाली अमुक कर्मचाऱ्याची सही आहे. मामा निलंबित झाले. टँकर महिनाभर त्या वस्तीवर खरोखर गेला, तेवढं मात्र झालं. पुढं प्लॉटवर बोअर लागला आणि घरही पूर्ण झालं.

मामा निघाले त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. हातात वळकटी, एक पत्र्याची पेटी. नांदेडची गाडी लागायला उशीर होता. ऊन असं होतं की स्टँडवरच्या पाणपोईत नुसते उपडे डेरे.

"त्यांनी विचारलं मला," मामा म्हणाले. "म्हणाले, अर्जाची भाषा तुमची वाटत नाही, कुणी लिहून दिला? मी म्हटलं, मीच लिहिला, मला काय मराठी येत नाही?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं नाव येऊ देत नसतो, जावईबापू. तुम्ही बिनघोर राहा."

गाडी आली. मी पेटी वर टपावर चढवून दिली. एवढंच मी त्यांच्यासाठी केलं.

त्यांच्या मुलीची सोयरीक मोडली. निलंबित माणसाच्या घरात नको, असा निरोप आला म्हणे. माझी बदलीची ऑर्डर दिवाळीआधी आली. मी नांदेडला खोली घेतली, बायकोला आणलं. तिची तब्येत सुधारली, पुढं दोन मुलं झाली. ज्यासाठी मी ते केलं ते सगळं मला मिळालं, आणि ते चांगलंच होतं. त्याचाच त्रास जास्त होतो.

बायको घरात तिच्या बोलीत बोलायची. "भाजी करून राहिले." "पोरं खेळून राहिले." एकदा मी ताट सरकवून तिला म्हणालो, "असं बोलत जाऊ नकोस. नीट बोल." ती बघतच राहिली. आधी ह्याच बोलीची नक्कल करून मी तिला हसवायचो. त्यानंतर ती माझ्यासमोर जरा तोलून बोलायला लागली. नकला तर मी लातूर सोडल्यापासून कधी केल्या नाहीत. कुणी म्हणालं, "ह्या माणसाचा तालुका सांगा बरं," तर मी म्हणायचो, मला नाही कळत. जे उत्तर एकदा द्यायचं होतं ते मी आयुष्यभर देत बसलो.

सहा वर्षांपूर्वी बायकोच्या भाच्याच्या लग्नाला हिमायतनगरकडं गेलो होतो. तिथं कळलं की मामा गावातच आहेत. चौकशी चार वर्षं चालली, मग खालच्या जागेवर घेतलं, तिथूनच रिटायर झाले. आता पिठाची गिरणी चालवतात. मी गेलो. गिरणी चालू होती, भुवयांवर पीठ. त्यांनी मला ओळखलं आणि पट्टा काढून गिरणी बंद केली.

"जावईबापू," ते म्हणाले. "लई दिवसांनी सासुरवाडी आठवली."

थोरली कशी आहे विचारलं. बिजवराला दिली, म्हणाले. दोन मोठी सावत्र पोरं आहेत. बरं चाललंय.

मी वाटभर जुळवून आणलं होतं. म्हणालो, "मामा, त्या अर्जात एक ओळ माझ्याकडून राहिली होती. त्यावरून कळलं त्यांना."

"कोणती?"

मी सांगितली. ते जरा वेळ आठवत होते. मग म्हणाले, "अहो, त्यात काय चुकलं? बाया खरंच वाट पाहून राहिल्या होत्या. तेवढी एकच ओळ माझी होती त्यात." आणि हसले. "चूक कुणाकडूनही होते. तुम्ही हे इतकी वर्षं मनात धरून राहिले?"

मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात ते धोतरानं चेहऱ्यावरचं पीठ पुसत म्हणाले, "पण मला एक कोडं सुटलं नाही बरं का. साहेब तर पुण्याकडचा. ही ओळ हिमायतनगरकडली हाय, हे त्याला कळलं कसं?"

त्यांनी माझ्याकडं रोखून वगैरे बघितलं नाही. ते खरंच विचारत होते.

मी म्हणालो, "काय माहीत."

बाहेर एक बाई ज्वारीचं पायलीभर दळण घेऊन थांबली होती. मामांनी पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. मग बोलणं ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. मी हात जोडले आणि निघालो. चुकीची माफी घेऊन आलो. ती मला हवी नव्हती, पण घेऊन आलो.

आणि आता ही किल्ली. गेल्या महिन्यात एका सोमवारी मी पहिल्यांदा पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी होती. घडी उघडली तर सुटी, छापील वळणाची अक्षरं. कुणी कशाबद्दल लिहिली ते इथं सांगायचं नाही, पण दुसऱ्या ओळीवर माझा डोळा थांबला. एका क्रियापदावरून मला तालुका कळला. तालुक्यावरून माणूस. मी न बघायचं ठरवलं तरी मला दिसतं. मी घडी तशीच घातली, मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. शेजारी किल्ली.

"हे काय?"

"दुसऱ्या कुणाकडं द्या, मॅडम. माझ्याकडं गोपनीय राहत नाही."

त्या हसल्या. इतक्या वर्षांत मी केलेला पहिला विनोद वाटला असेल. मग त्यांनी माझा चेहरा बघितला आणि खुर्ची दाखवली. मी उभ्यानंच सांगितलं. लातूरचं, पाच-सात वाक्यांत. आणि म्हणालो, ही चिठ्ठी दुसऱ्या शब्दांत टाइप करून घ्या, मगच फाइलला लावा, आणि वर पाठवाल तेव्हा ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडं ती परत येणार नाही एवढं बघा. त्यांनी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. माझ्याबद्दल त्यांचं काय मत झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मामांना पत्र लिहिलं. लांबवलं नाही. 'तुम्ही गिरणीवर विचारलं होतं, साहेबाला कसं कळलं. मी सांगितलं. मला ट्रेमधला माझा बदलीचा अर्ज दिसत होता आणि मी सांगितलं. ओळ राहिली ती चूक होती. हे चुकून झालं नव्हतं.' खाली नाव घातलं, पूर्ण पत्ता घातला. पाकिटावरही.

टाकण्याआधी बायकोला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. बराच वेळ हातात धरून बसली.

"म्हणून माझ्या बोलण्याचा राग येत होता तुम्हाला," ती म्हणाली. मी हो म्हणालो. "मला वाटायचं, मी अडाणी वाटते म्हणून." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवशी जेवताना बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पत्र टाकून तीन आठवडे झाले. हिमायतनगर काही लांब नाही, उत्तर यायचं असतं तर एव्हाना आलं असतं. दुपारी मी जेवायला घरी येतो तेव्हा बायको दारातच सांगते, पोस्टमन येऊन गेला म्हणून. पुढचं ती सांगत नाही, आणि तिच्या हातात काही नसतं.